गुडघे टेकायच्या फळ्या

दोन रविवारांपूर्वी दुसऱ्या मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, आमच्या चर्चमध्ये रिनोव्हेशनची घोषणा झाली. बाकं जुनी झालीत, दोनतीन ठिकाणी वाळवी लागलीय, म्हणून सगळी काढून नवीन खुर्च्या आणायच्या, गादीवाल्या, एकात एक अडकवता येणाऱ्या, म्हणजे कधी हॉल लागला तर उचलून बाजूला ठेवता येतील. पुढेमागे एसी पण बसवायचा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर मी कमिटीतल्या एकाला विचारलं, खुर्च्यांना गुडघे टेकायच्या फळ्या कुठे असणार? तो म्हणाला, बाय, आता कोण टेकतं गुडघे, निम्म्या लोकांचे गुडघे दुखतात, उभं राहिलं तरी चालतं. चांगला माणूस आहे, चर्चसाठी राबतो, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून हे लिहायला बसलेय. चर्चचं नाव घालत नाही, कारण हे एका चर्चपुरतं नाहीच, वसईपासून अर्नाळ्यापर्यंत कुठल्याही गावात जा, हीच चर्चा या ना त्या रूपात चालू आहे.

आधी ती फळी कशी आहे ते सांगते, ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी. पुढच्या बाकाच्या पायाला खुंटीवर बसवलेली लांब लाकडी फळी, वर उचलून ठेवायची आणि वेळ आली की खाली पाडायची. आमच्या बाकाच्या फळीला मधोमध दोन खळगे पडलेत, गुळगुळीत, हात फिरवला तर लागतात हाताला. तिथे माझी आज्जी टेकायची, मग आई टेकायला लागली. लहानपणी आम्ही पोरं फळी धाडकन सोडायचो तर आज्जी डोळे मोठे करून बघायची आणि मग आम्ही दोघं दोन बाजूंनी धरून अशी अलगद खाली ठेवायचो की आवाज होऊ नये. मिस्सा काय असते, ओस्तीमध्ये, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून घेतो त्या भाकरीच्या पातळ चकतीत, कोण असतो, हे मला कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात नंतर शिकवलं. त्याआधी मला ते त्या फळीने शिकवलं होतं. एवढी मोठी माणसं, वाडीत दिवसभर राबणारे, बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, उतरून गाळ काढणारे, कुणापुढे मान न वाकवणारे बाप्ये, सगळे एका घंटीवर गुडघ्यावर येतात म्हणजे समोर कोणीतरी फार मोठं आहे, हे चार वर्षांच्या पोराला कळतं, त्याला प्रवचन लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे खरं तर. श्रद्धा आधी शरीर शिकतं, मग डोकं शिकतं. आपण गेल्या साठ-सत्तर वर्षांत शरीराला शिकवणाऱ्या गोष्टी एकेक करून काढल्या, उपास काढला, शांतता काढली, गुडघे काढले, आणि आता परिषदा भरवतो की तरुण मुलं चर्चला का येत नाहीत.

आई माझी आता ८४ वर्षांची आहे. तिच्या फर्स्ट कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ओस्ती घेण्याच्या वेळी नियम असा होता की मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही. ती सांगते, पहाटे उठून दात घासताना पाणी चुकून गिळलं जाईल म्हणून ती घाबरली होती, आणि अंधारात चालत चर्चला गेली होती. १९५३ मध्ये पोप पायस बारावे यांनी पाण्याची सूट दिली, १९५७ मध्ये तीन तासांचा उपास केला, आणि १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी तो एक तासावर आणला. एक तास म्हणजे कम्युनियनच्या आधी एक तास, मिस्साच्या आधी नाही. घरून निघताना चहा-बटर खाल्ला तरी जवळजवळ बसतं त्यात. आता हे बदल काही उगाच नव्हते, रात्रपाळीचे कामगार, आजारी माणसं, संध्याकाळची मिस्सा, सगळ्यांचा विचार होता, आणि उपाशी राहावं लागतं म्हणून कितीतरी लोक कम्युनियनच घेत नव्हते हेही खरं. मला मध्यरात्रीचा उपास परत नकोय. पण आईला त्या पहाटेच्या भुकेने जे शिकवलं ते माझ्या भाचीला कशाने शिकवणार, याचं उत्तर कुणीतरी द्यायला पाहिजे होतं ना, नियम सैल करताना?

शुक्रवारी मटण सोडायच्या नियमाचंही तसंच. शुक्रवारी मटण-मासा सगळं बंद करणारी घरं होती आमच्याकडे, नुसतं मटण नाही तर मासा पण, आणि समुद्राच्या काठावर राहून मासा न खाणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. नियमाने मासा चालतो, तरी आज्जी म्हणायची की आपल्याला मटण सोडणं सोपं आहे, मासा सोडून दाखव. १९६६ मध्ये रोमने बिशपांना मोकळीक दिली की शुक्रवारच्या त्यागाऐवजी दुसरी काही प्रार्थना, दानधर्म करता येईल. आज मला असं एक घर दाखवा जिथे शुक्रवारी मटण पण खातात आणि त्याऐवजी दुसरं काहीतरी ठरवून करतात. ऐवजी हा शब्द गळून गेला आणि फक्त सूट राहिली.

आता लोक म्हणतात हे सगळं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ मध्ये रोमला भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने ठरवलंय, तू परिषदेच्या विरोधात आहेस का. अजिबात नाही. मी ६० च्या दशकानंतर मराठी मिस्सात वाढलेली बाई आहे, मला माझ्या भाषेत येशूचं नाव घेता येतं याचं मोल मला कळतं. आणि मराठीचं म्हणाल तर ते काही परिषदेनंतर सुरू नाही झालं. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून येऊन गोव्यात मराठी शिकले आणि त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, जवळजवळ ११ हजार ओव्या. म्हणजे मिस्सा लॅटिनमध्ये होती तेव्हाही आपली माणसं भक्ती मराठीत करत होती, चारशे वर्षांपासून. त्यामुळे मला कुणी लॅटिनवाली म्हटलं की समजावून सांगत बसावं लागतं.

पण परिषदेने काय म्हटलं ते वाचलंय किती जणांनी? उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ ला मंजूर झाला, २१४७ मतं बाजूने आणि फक्त ४ विरोधात. त्यात लोकांच्या सहभागाबद्दल जिथे लिहिलंय, उत्तरं द्यावीत, गावं, हालचालींत सामील व्हावं, तिथेच पुढे लिहिलंय की योग्य वेळी सगळ्यांनी आदराने शांत राहावं. म्हणजे शांतता हा सहभागाचाच भाग आहे असं परिषद म्हणते. त्यात लॅटिनचा वापर राखावा असंही आहे आणि लोकांच्या भाषेला जागा द्यावी असंही आहे. हातात कम्युनियन द्यावं असं त्या दस्तऐवजात कुठेच नाही, फादरांनी लोकांकडे तोंड करून मिस्सा करावी असंही नाही, ते सगळं नंतर आलं. मी या गोष्टी बंद करा म्हणत नाहीये. फक्त जे परिषदेने सांगितलं नाही ते तिच्या नावावर खपवू नका, आणि जे सांगितलं ती शांतता आम्हाला द्या.

कारण आज आमच्या मिस्सात शांतता सापडत नाही. आत शिरलं की कॉयरचं साउंड चेक चालू असतं, हॅलो हॅलो, कीबोर्ड वाढव. मग स्क्रीनवर गाण्याचे शब्द आणि मधेच कुठल्यातरी स्पर्धेची जाहिरात. कम्युनियन घेऊन जागेवर आलं की डोळे मिटायच्या आत पुढचं गाणं, मग घोषणा, मग कुणाचा तरी वाढदिवस, मग देणगीदारांचे आभार, शाल, पुष्पगुच्छ, टाळ्या. ओस्ती अजून जिभेवर विरघळलेली नसते आणि आपण टाळ्या वाजवत असतो. मला त्या वेळी खरंच रडू येतं. टाळ्या ज्याच्यासाठी वाजतायत त्या माणसाबद्दल मला काही नाही, त्याने मनापासून दान दिलंय. त्याचे आभार बाहेर अंगणात माना ना, चहा पण द्या.

मागच्या वर्षी नात्यातल्या एका मुलीचं फर्स्ट कम्युनियन होतं, दुसऱ्या गावात. पांढरा फ्रॉक, डोक्याला फुलांचा मुकुट, हात जोडून अशी छान उभी होती. तिची पाळी आली, फादरांनी ओस्ती समोर धरून ख्रिस्ताचं शरीर म्हटलं, आणि फोटोग्राफर दोघांच्या मधे कोपर घालून म्हणाला, बेटा इकडे बघ. पोरीने आमेन म्हणायच्या ऐवजी कॅमेऱ्याकडे बघून हसून दिलं. तिला तसंच शिकवलंय हो आपण, कॅमेरा दिसला की हसायचं, तिची काय चूक. आणि तो फोटोग्राफर आपला ख्रिस्ती पण नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे काय चाललंय. सांगायचं काम आमचं होतं, आईबापांचं, आमचं सगळ्यांचं. तो फोटो फ्रेम करून त्यांच्या हॉलमध्ये लावलाय, सुंदर फोटो आहे, आणि त्यात ती येशूकडे बघत नाहीये.

आता दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मला खरोखर वजनदार वाटतं, ते टाळून पुढे जाता येणार नाही. आमच्याकडचे एक शिकलेले फादर मला म्हणाले, बाई, फळ्या ही तर युरोपातून आलेली गोष्ट, तुम्ही ज्याला परंपरा म्हणता ती पोर्तुगीजांनी आणलेली, आपली नाही. मुद्दा बरोबर आहे. पोर्तुगीजांकडे वसई १५३४ ला आली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते गेले, किल्ल्यातली चर्च ओस पडली, अजून छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. पण गावातल्या माणसांनी श्रद्धा नाही सोडली, तेव्हाच ती त्यांची झाली असं मी मानते. जे राज्य गेल्यावरही पावणेतीनशेच्या वर वर्षं आपण सांभाळलं ते परकं कसं?

तरी ठीक आहे, भारतीय पद्धतीने करू म्हणता, करा. १९६९ मध्ये भारताच्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने परवानगी दिली होती. चपला काढून आत येणं, जमिनीवर बसणं, अंजली हस्त, आरती, मेणबत्तीऐवजी समई, आणि पंचांग प्रणाम. पंचांग प्रणाम म्हणजे काय? गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला. ते तर फळीवर गुडघे टेकण्यापेक्षा जास्त वाकणं झालं! माझ्या आज्जीच्या वेळी बाया चर्चमध्ये पुढे जमिनीवर चटईवर बसायच्या, पदर डोक्यावर घेऊन. तेव्हा फळी नको असेल तर जमीन द्या आम्हाला, चटया अंथरा, आनंदाने बसू. पण खुर्ची देणार, गादीवाली, ती ना रोमची ना आपली, ती लग्नाच्या हॉलची आहे. तिच्यावर बसलेला माणूस प्रेक्षक होतो, पाय पसरतो, मागे टेकतो, बघत राहतो. भारतीयीकरणाच्या नावाखाली आपण जे केलं त्यात भारतीय माणसाची देवापुढे लोटांगण घालायची सवय तेवढी वगळली. शेजारच्या देवळात जाणारा माझा हिंदू शेजारी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो, आत वाकतो. आपण एका हाताने तीर्थाच्या पाण्यात बोट बुडवतो आणि दुसऱ्या हाताने मोबाईल सायलेंट करत आत येतो.

ज्यांचे गुडघे खरंच दुखतात त्यांनी बसावंच, त्याला चर्चने कधी मनाई केली नाही. मिस्साच्या नियमात पण लिहिलंय की ओस्ती आणि प्याला पवित्र करताना गुडघे टेकायचे, तब्येत, जागेची अडचण किंवा तसंच काही कारण असेल तर उभं राहायचं, आणि फादर गुडघा टेकतात तेव्हा खोल वाकून नमस्कार करायचा. अडचण असलेल्यासाठी सूट आहे. आपण अडचण सगळ्यांची करून टाकतोय, बावीस वर्षांच्या पोराची सुद्धा, जो सकाळी जिममध्ये शंभर बैठका मारतो.

तरुण मुलांना आकर्षित करायला हे सगळं लागतं असं म्हणतात, ड्रम, लाईट, स्क्रीन. मी मुलांना दोष देणार नाही, मी पंधरा वर्षं कॅटेकिझम शिकवलाय. माझ्या वर्गातल्या मुलांना ज्या दिवशी मी चर्चमध्ये नेऊन टॅबरनॅकलसमोर, म्हणजे ओस्ती ठेवतात त्या पेटीसमोर, दहा मिनिटं नुसतं बसवायचे, काही न बोलता, त्या दिवसाची आठवण ती मुलं आता मोठी होऊन सांगतात. एक कॅनडाला आहे, तो म्हणाला टीचर बाकी काही आठवत नाही, ते दहा मिनिटं आठवतात. गाणीबजावणी त्यांना बाहेर आमच्यापेक्षा शंभर पटीने चांगली मिळतात, त्यात चर्च कधीच जिंकणार नाही. जी गोष्ट त्यांना दुसरीकडे कुठेच मिळत नाही तीच आपण देत नाही. जगभर काही तरुण जुन्या लॅटिन मिस्साकडे वळलेत ते याच ओढीने असावेत असं मला वाटतं. पोप बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये त्या मिस्साला मोकळीक दिली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती आवळली, कारण त्यावरून चर्चमध्ये गट पडत होते. पोपांचं मी ऐकते, तो आज्ञापालनाचा भाग आहे. पण ओढ कशाची होती तो प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर आपल्या साध्या मराठी मिस्सात देता येतं, लॅटिनची गरज नाही.

मी हे टेक्नॉलॉजीच्या विरोधात लिहितेय असं कुणाला वाटेल म्हणून एक सांगते. २०२० मध्ये लॉकडाऊनला चर्च बंद झाली आणि मिस्सा मोबाईलवर आली. पहिल्या रविवारी आम्ही सगळे सोफ्यावर बसलो, मुलगा नाश्त्याची प्लेट घेऊन, मी पण चहाचा कप घेऊन. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. घंटी वाजली तशी आई उठली, पदर डोक्यावर घेतला, आणि त्या फोनसमोर लादीवर गुडघे टेकले, ७९ वर्षांची बाई. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी कप खाली ठेवला. मुलाने प्लेट ठेवली. मग सगळेच खाली आलो. त्या पाच इंचाच्या स्क्रीनसमोर त्या दिवशी जेवढी मिस्सा झाली तेवढी मला मोठ्या चर्चमध्ये कितीदा झाली नाही. सवय तिच्या शरीरात होती, फळी नसताना पण ती सवय फळीनेच लावलेली, सत्तर वर्षं. माझ्या नातवंडांना ती सवय कोण लावणार, गादीवाली खुर्ची?

बाईमाणसाने, त्यातून साध्या प्रापंचिक बाईने, यात बोलावं का असं कुणीतरी म्हणेलच. चर्चच्या कायद्यात, २१२ व्या कलमात, स्पष्ट आहे की आपल्या ज्ञानानुसार आणि पात्रतेनुसार प्रापंचिकांना चर्चच्या हिताबद्दलचं मत धर्मगुरूंना सांगायचा हक्क आहे, कधीकधी ते कर्तव्यच असतं, फक्त आदर राखून. आणि आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया, जो १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला, तो पण फादर नव्हता, ब्रदर होता, म्हणजे मिस्सा करायचा अधिकार नसलेला संन्यासी. मी दर महिन्याला मिस्सात पहिलं वाचन करते, चर्च झाडायच्या पाळीला असते, फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची फुलं बांधते. ज्या जमिनीवर मी वाकून केर काढते त्या जमिनीबद्दल मला बोलता येईल एवढं मानते.

तर येत्या रविवारी मीटिंग आहे आणि मी जाणार आहे. बाकं वाळवीची असतील तर बदला, नवीन बाकं करा आणि त्यांना फळ्या लावा, आपल्याकडे सुतार आहेत, खर्चाला मी माझी बांगडी देते. सगळ्यांना जमत नसेल तर निदान पुढच्या अर्ध्या भागात लावा. कम्युनियननंतर पाच मिनिटं माइक बंद. घोषणा आणि सत्कार शेवटच्या आशीर्वादानंतर अंगणात. फोटोग्राफरला वेदीच्या पायरीच्या आत बंदी, आणि मुलांच्या कम्युनियनच्या आधी त्यालाही बोलावून समजावून सांगायचं. कन्फेशनला शनिवारी संध्याकाळी फादर एक तास बसतील असं ठरवा, कुणी येवो न येवो, बसलेले दिसले की येतील लोक.

काल आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, जपमाळ चालू होती तिची. मग म्हणाली, बाय, नाहीच ऐकलं त्यांनी आणि बाकं काढली तर आपली फळी तेवढी मागून घे, घरी आल्तारापुढे, देव्हाऱ्यापुढे ठेवू. मी म्हटलं घरी नको आई, ती तिथेच राहिली पाहिजे.